सगळे बैल एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बैलगाडा शर्यतीवर वाचकांची मतं छापली ते बरं केलं, दोन्ही बाजू आल्या. पण त्यात तिघाचौघांनी एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलंय, की आपली शर्यत म्हणजे मेक्सिकोतल्या बुलफाईटचाच भाऊ. आणि पलीकडच्या बाजूच्या एकानं लिहिलंय की तिकडं खुशाल बैल मारतात, मग आमच्याच शर्यतीवर डोळा का. या दोघांपैकी कुणीही बुलफाईट बघितलेली दिसत नाही. मी बघितलीय, बऱ्याचदा बघितलीय, आणि तीही मेक्सिकोच्या अगदी बॉर्डरवरच्या गावात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेला फाउंड्रीवाला. नव्वदच्या दशकात काही वर्षं अमेरिकेत सॅन दिएगोला कास्टिंगच्या एका कारखान्यात होतो. तिथून मेक्सिकोची बॉर्डर म्हणजे शहरातल्या ट्रॉलीत, म्हणजे ट्राममध्ये, बसायचं आणि शेवटच्या स्टॉपला उतरायचं, समोर लोखंडी फिरतं गेट, ते ढकललं की आपण तिहुआनात. जाताना कोण काय विचारायचं नाही, येताना मात्र लाईन आणि ग्रीन कार्ड दाखव. रविवारी दुपारी अमेरिकन लोकांचे जथ्थेच्या जथ्थे तिकडं निघायचे. अमेरिकेत १९२० ते ३३ दारूबंदी होती तेव्हापासून हे गाव त्यांच्यासाठीच वाढलंय म्हणा ना, जे घरी करता येत नाही ते करायला पलीकडं जायचं. मेन रस्ता रेव्होल्युशन ॲव्हेन्यू, तिथं गाढवाला पांढरे-काळे पट्टे रंगवून झेब्रा करून उभं केलेलं असतं आणि त्याच्यावर बसून टुरिस्ट मोठ्ठी टोपी घालून फोटो काढतात. आणि बुलफाईटची पोस्टरं, त्यात दोन खऱ्या मातादोरच्या, म्हणजे बैलाशी खेळून शेवटी त्याला मारणाऱ्याच्या, नावांमधी तुमचं नाव छापून देणार, पाच मिनिटांत.

तेव्हा तिहुआनात बैलांची दोन रिंगणं होती. एक गावात, एल तोरेओ, १९३८ सालचं. दुसरं समुद्राकाठी, प्लाझा मोन्युमेंताल, १९६० ला झालेलं, वीस हजारावर माणूस बसतंय. हे दुसरं जागेमुळं लक्षात राहतं. बॉर्डरची भिंत अगदी शेजारून जाते आणि सरळ पॅसिफिक समुद्रात शिरते, तेव्हा ती भिंत व्हिएतनाम युद्धात विमान उतरवायला जमिनीवर टाकायचे तसल्या लोखंडी पत्र्यांची होती. वरच्या पायरीवर बसलं की एका बाजूला समुद्र, एका बाजूला अमेरिका, आणि खाली वाळूत बैल. तिकिटं दोन भावाची, उन्हातली स्वस्त आणि सावलीतली महाग, कारण खेळ दुपारी चारला सुरू. आम्ही कायम उन्हात. सावलीत पैसेवाले अन् टुरिस्ट, उन्हात लोकल पब्लिक, आणि खरी दाद, खऱ्या शिव्या सगळं उन्हाच्या बाजूनं येतं.

मला तिथं पहिल्यांदा नेलं आमच्या शॉपमधल्या एका मोल्डरनं, जन्मानं तिहुआनाचाच. नंतर नंतर मला नियम कळायला लागले आणि मग आवड म्हणा, नाद म्हणा, लागला. लोकांना वाटतं एक माणूस लाल फडकं घेऊन उभा राहतो आणि बैल अंगावर येतो, संपलं. तसं नसतंय. एका दुपारी सहा बैल आणि तीन मातादोर, प्रत्येकाला दोन. एकेका बैलाला पंधरा-वीस मिनिटं, आणि त्याचे तीन भाग, भाग बदलताना बिगुल वाजतो. बैल यायच्या आधी पाटीवर त्याचं वजन लागतं, साडेचारशे-पाचशे किलो असं. पहिल्या भागात घोडेस्वार येतो, पिकादोर, त्याच्या हातात भाला. घोड्याचे डोळे बांधलेले, अंगावर जाड गादीचं चिलखत. हे चिलखत स्पेनमध्ये १९२८ ला सक्तीचं झालं, त्याच्या आधी बैल घोड्याचं पोटच फाडायचा म्हणे आणि मेलेल्या घोड्यांचे ढीग पडायचे. भाला मानेमागच्या मांसाच्या गोळ्यात घालतात, म्हणजे बैल डोकं खाली धरतो. दुसऱ्या भागात बांदेरिया, म्हणजे रंगीत कागद गुंडाळलेल्या काठ्या, टोकाला आकडा, त्या जोडीजोडीनं पाठीत खुपसायच्या. तिसऱ्या भागात मातादोर एकटा, छोटं लाल फडकं आणि तलवार. सुरुवातीचं मोठं फडकं तर गुलाबी-पिवळं असतं. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, तो हलणाऱ्या फडक्यावर जातो, त्यामुळं लाल बघून बैल पिसाळतो ही आपल्याकडची म्हण तिथं तर साफ खोटी पडते.

शेवटी तलवार खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधून आत. बरोबर गेली तर बैल थोड्या वेळात खाली. नाही गेली तर मग बघवत नाही. हाडाला लागते, उडून पडते, परत घालतो, परत, पब्लिक शिट्ट्या मारतं, भाड्यानं घेतलेल्या उशा रिंगणात फेकतं. ठराविक वेळ झाली की बिगुलानं इशारा, तिसऱ्या इशाऱ्यापर्यंत मारता आला नाही तर बैल बाहेर नेऊन मारतात आणि मातादोरची इज्जत जाते. चांगलं झालं तर लोक पांढरे रुमाल हलवतात, हजारो रुमाल एकदम, आणि वर बसलेला पंच बैलाचा एक कान देतो, लईच भारी झालं तर दोन्ही, कधी शेपूटसुद्धा. कान म्हणजे खरोखरचा कान, कापून. मग खेचरांची जोडी येते आणि मेलेला बैल वाळूतनं ओढून नेते, मागच्या बाजूला खाटीक तयारच असतो, मटण विकलं जातं.

आता आमचे आबा. आबा एकदाच अमेरिकेला आले, उन्हाळ्यात, आईला घेऊन. कागल तालुक्यातले शेतकरी, दावणीला खिलारी जोडी कायम, तालमीत जाऊन अंगानं कमावलेले, आणि खासबागेतली मोठी कुस्ती सहसा चुकवली नाही. त्यांना डिस्नेलँड दाखवलं तर म्हणाले जत्रा बरी हाय. मी म्हटलं चला तुम्हाला बैल दाखवतो. आई म्हणाली मी काय येणार नाही, तुम्ही बापलेक जावा आणि आल्यावर आधी आंघोळ करा.

आत शिरल्या शिरल्या आबा थांबले आणि गोल नजर फिरवून म्हणाले, "आरं ह्यो तर खासबागच की रं." आणि दिसतंच तसं. खाली गोल हौदा, चहूबाजूनं चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, पुढच्याचं डोकं मधे येत नाही. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले होते, रोममधलं जुनं आखाड्याचं बांधकाम बघून त्यांनी खासबाग मैदान बांधलं आणि १९१२ ला खुलं केलं हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, आणि या बैलांच्या रिंगणांचा आकार पण त्याच रोमन वळणाचा. तेवढी लाल माती सोडून पिवळी वाळू.

बँड वाजला, जरीच्या कपड्यातली मंडळी ओळीनं चालत आली. आबा म्हणाले हलगी पायजे होती. मग पहिला बैल सुटला. काळाभोर, शिंगं पुढं आलेली. आबा उठून उभे राहिले, तोंडावर नुसतं कौतुक, "काय जनावर हाय! आन् वशिंडच न्हाई बघ ह्येला. वेसण न्हाई, कासरा न्हाई, ह्येला धरतंय कोण?" मी सांगितलं कुणीच धरत नाही, रानात मोकळा वाढवतात, चार वर्षं, माणूस दिसला तर घोड्यावरचाच, पायी चालणारा माणूस त्याला सहसा दिसूच देत नाहीत. का, तर बैल लवकर शिकतो. फडक्यामागं माणूस आहे हे त्याला एकदा कळलं की मग तो फडक्यावर जात नाही, माणसावर जातो. म्हणून एकदा रिंगणात आलेला बैल परत कधी खेळवत नाहीत. आबांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जनावराला अक्कल आली की त्येला ठेवायचं न्हाई."

मी हे वाक्य नंतर आमच्या मोल्डरला स्पॅनिश-इंग्रजी मिसळून सांगितलं तेव्हा तो हसला नाही, म्हणाला तुझ्या बापाला एका दुपारीत कळलं.

भाला घातला तेव्हा आबा खाली बसले. बांदेरिया टोचल्या तेव्हा, मला वाटलं होतं, उठून जातील. पण नाही, बसून राहिले, शेवटपर्यंत सहाही बैल बघितले. मधे मधे विचारत होते. दाणा काय घालतात? वळू म्हणून कोण निवडतं? ह्यातला एखादा सुटतो का कधी? म्हटलं सुटतो, क्वचित, बैल लईच शूर निघाला तर लोक ओरडून त्याला माफी मागतात, पंचानं मान्य केलं तर जिवंत परत जातो आणि पुढं पैदाशीला ठेवतात. त्या दिवशी तसं काय झालं नाही. चौथ्या बैलाला मात्र एका तरुण मातादोरनं असं काय खेळवलं, पाय जागचे हलत नाहीत, बैल कमरेला घासून जातोय, परत वळतोय, परत, आणि सगळं रिंगण एका आवाजात ओले, ओले (तिकडची वाहवा) म्हणतंय, मी पण ओरडत होतो, ते का नाकारू. आबा ओरडले नाहीत पण त्यांच्या तोंडून "शाब्बास" आलं. मी विचारलं शाब्बास कुणाला. म्हणाले बैलाला, माणूस पगारी हाय.

बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून त्या पोस्टरवाल्याकडं जाऊन स्वतःचं नाव छापून घेतलं, वर-खाली एकेक मेक्सिकन, मधे आमचे आबा. ते पोस्टर गावाकडं सोप्यात लावलं होतं, आल्यागेल्याला दाखवायचे, आणि त्याच आबांनी त्या वर्षीच्या बेंदराला बैलांची शिंगं रंगवताना शेजाऱ्यांना सगळी हकिगत सांगून वर म्हटलं की तिकडच्या लोकांना बैलाकडनं काम करून घ्यायचं ठावं न्हाई, म्हणून असलं सुचतंय. आता यात तर्क शोधायला जाऊ नका.

हे सगळं सांगायचं कारण, बैलगाडा शर्यतीत बैल संध्याकाळी गोठ्यात परत येतो. यायलाच पाहिजे, त्याच्यात मालकाचे लाखो रुपये असतात. शर्यतीत चाबूक, शेपटीला चावा, टाचण्या, बॅटरीचा करंट हे प्रकार होत होते, मी काय आंधळा नाही, शिरोळकडं स्वतः बघितलेत. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली ती त्यासाठीच, डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला तोही या अटींसकट. तेव्हा वाद घालायचा तर अटी पाळल्या जातात का, मैदानावर डॉक्टर असतो का, कॅमेरा चालू असतो का यावर घाला की. त्याच्यात मेक्सिको कशाला. तिथं बैलाचं मरण हे ठरलेलं आहे, खेळ त्याच्यासाठीच आहे. दोन्हीत बैल आहे एवढंच साम्य.

आणि जे म्हणतात तिकडं सगळं चालतं, त्यांच्यासाठी. तिकडं पण आता सगळं चालत नाही. सोनोरा राज्यानं २०१३ ला बुलफाईट बंद केली, मेक्सिकोत पहिलं राज्य ते, नोगालेस हे बॉर्डरचं गाव त्याच्यात येतं. २०१५ ला कोआविला, त्याच्यात स्युदाद आकुन्या, तेही बॉर्डरवरचं. या आकुन्याची एक गोष्ट जुने लोक अजून सांगतात. पॅट्रिशिया मॅककॉर्मिक नावाची टेक्सासमध्ये शिकणारी पोरगी, १९५१ ला बॉर्डरवरच्याच हुआरेस गावच्या रिंगणात उतरली, बाई आणि तीही अमेरिकन, म्हणून बघायला ही गर्दी. १९५४ ला आकुन्यात बैलानं तिला असं शिंगावर घेतलं की पाद्र्याला बोलावून शेवटची प्रार्थना पण झाली. तरी वाचली आणि परत रिंगणात गेली, पुढं बरीच वर्षं खेळली. त्या आकुन्यात आज कायद्यानं बैल मारता येत नाही. मेक्सिको सिटीनं मार्च २०२५ ला ठरवलं, तलवार नाही, बांदेरिया नाही, शिंगांना टोपणं लावायची आणि बैल जिवंत परत पाठवायचा. कोलंबियानं २०२४ ला कायदा केलाय, २०२७ पासून पूर्ण बंद.

पण मला जे दिसलं ते असं, की तिहुआनाची गर्दी कुठल्या कोर्टानं घालवली नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर परत येतानाची लाईन तासन् तास लांबली, रविवारच्या करमणुकीसाठी कोण उभं राहणार. मग ड्रग्जवाल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या, रोज पेपरात खून. २००९ च्या जूनपासून अमेरिकन माणसालाही जमिनीवरून परत यायला पासपोर्ट किंवा तसलं कार्ड सक्तीचं झालं. त्यात नव्या पिढीला रक्त बघायची हौस राहिली नाही. गावातलं एल तोरेओ २००७ ला पाडायला घेतलं, जागेला भाव आला होता. मी शेवटी शेवटी गेलो तेव्हा उन्हाच्या बाजूला माणसं विरळ होती आणि महागाच्या बाजूला त्याहून विरळ. मातादोर मात्र तेवढाच जीव धोक्यात घालत होता, त्याचं मला जास्त वाईट वाटलं, बैलापेक्षा जास्त का ते विचारू नका.

आणि राहिली गोष्ट आपल्या गावची. कुणाला मेक्सिकोशी तुलना करायचीच असेल तर शर्यत सोडा आणि साठमारी बघा. कोल्हापुरात साठमारी म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण तिथं काय चालायचं हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. शाहू महाराजांच्या काळात मस्तीतला हत्ती मोकळा सोडायचे आणि साठमार लोक भाले, फडकी घेऊन त्याला डिवचायचे, हत्ती अंगावर आला की पळून आडोशाला शिरायचं, माणूस आत जातो आणि हत्ती जाऊ शकत नाही असल्या जागा बांधूनच ठेवलेल्या. तिहुआनाच्या रिंगणात कडेला लाकडी आडोसे असतात, मातादोर पळून त्याच्या मागं शिरतो, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला साठमारीच आठवली होती. फरक एवढा की आपल्याकडं हत्ती मारायचा नसायचा, तो परत हत्तीखान्यात. जीव जायचा तर माणसाचा. आणि हा खेळ पण कुठल्या कोर्टानं बंद केला नाही, संस्थान गेलं, हत्ती पोसणार कोण, आपोआप थांबला. आज आपण साठमारी अभिमानानं सांगतो, वारसा म्हणून दाखवतो, आणि त्याच तोंडानं मेक्सिकन माणसाला रानटी म्हणतो, हे मला जरा जडच जातं. दोन्ही एकदम म्हणायचं असेल तर निदान साठमारीत प्राण्याचे काय हाल व्हायचे हे पण लिहा, म्हाताऱ्या माहूतांच्या घरी अजून आठवणी असतील.

म्हणून एक विनंती आहे. शर्यतीवरची मतं छापून झाली असतील तर पुढच्या एखाद्या रविवारी साठमारीवर कुणा जाणत्याकडून पानभर लिहून घ्या, ती जागा, ती बांधणी, साठमारांच्या पद्धती सगळं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात, मोटरसायकलीचा सायलेन्सर काढून पुढं मालक आणि मागं म्हैस, त्याचे फोटो तुम्ही दरवर्षी छापता, त्याच्यावर पण कधीतरी कुणीतरी चौकशी करून लिहायला पाहिजे, म्हशीला काय वाटतं ते सोडा, पण रस्त्यावरच्या लोकांच्या कानाचं काय.

पत्र फारच लांबलंय, जागा नसेल तर कायद्याच्या तारखा कापा, त्या नेटवर पण मिळतील. आबांचा भाग कापू नका.

आपला,
एक निवृत्त फाउंड्रीवाला, कोल्हापूर